एका बाइटची घंटा

आज १७ ऑगस्ट. २०१७ साली याच दिवशी, भारतीय वेळेनुसार सायंकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी, एक गुरुत्वीय लहर पृथ्वीवर पोहोचली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले होते, त्याची ती खबर होती. तिच्यामागोमाग १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा एक छोटासा झोत येऊन गेला. एकाच वैश्विक घटनेची वार्ता गुरुत्वीय लहरींनी आणि प्रकाशानेही दिल्याचा हा पहिलाच प्रसंग. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, तेव्हापासून आपल्याला या तारखेचे अप्रूप अधिकच वाटते.

त्या संध्याकाळी इशाऱ्याची एक घंटा वाजली, आणि दुसरी एक वाजायला हवी असताना वाजली नाही. त्या न वाजलेल्या घंटेचा अर्थ मला बराच काळ पुस्तकी वाटत होता. तो नीट कळला तो माझ्या घरातल्या एका प्रसंगाने, आणि त्या प्रसंगाच्या मुळाशी होती संगणकाकडून आवाज करवून घेण्याची माझी हौस. म्हणून आज आधी त्या हौसेविषयी लिहिते.

मी बंगळुरात बनशंकरीच्या दुसऱ्या टप्प्यात, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते. दिवसा नोकरी करते, आणि रात्री व सुटीच्या दिवशी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या आपल्या अवकाश-वेधशाळेची सार्वजनिक झालेली निरीक्षणे घेऊन बसते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेला हा उपग्रह सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून साधारण ९८ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करतो. प्रत्येक फेरीची नोंद वेगळी. ती स्वच्छ करावी, खोट्या नोंदी गाळाव्यात, काळाची जुळणी करावी, मग पुढची फेरी घ्यावी. हे सारे हाताने करणे अशक्य, म्हणून कमांड लाइनवर चालणारी एक स्क्रिप्ट मी लिहिली. आज्ञा द्यायची आणि उठायचे. सहा-सात तासांनी परत यायचे.

पहिल्याच मोठ्या कामाच्या वेळी शनिवारी सकाळी आज्ञा दिली आणि मी गांधी बाजारात भाजी आणायला गेले. दुपारी परतले तेव्हा पडदा जसा सोडला होता तसाच होता. डिस्क भरल्यामुळे काम अवघ्या ४० मिनिटांत मेले होते. एक ओळ लिहून ते गप्प झाले होते. मी मात्र सहा तास ती शांतता म्हणजे प्रगती समजत होते. चालू असलेल्या कामाची शांतता, संपलेल्या कामाची शांतता आणि मेलेल्या कामाची शांतता या तिन्ही बाहेरून अगदी सारख्या दिसतात. आपल्या घरातला प्रेशर कुकर याहून शहाणा. तो शिट्टी देतो, आणि ती मोजता येते. तीन झाल्या की गॅस बंद, आणि बराच वेळ एकही झाली नाही तर कोणीतरी स्वयंपाकघरात डोकावून येतेच.

तेव्हा मी स्क्रिप्टच्या शेवटी घंटा बांधायचे ठरवले. ज्यांनी हे कधी केले नाही त्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगते. संगणकाच्या अक्षरसंचात, म्हणजे १९६३ साली मानक ठरलेल्या ‘आस्की’मध्ये, सातव्या क्रमांकावर असे एक चिन्ह आहे जे छापले जात नाही. त्याचे नावच मुळी घंटा. कंट्रोल ही कळ धरून इंग्रजी वर्णमालेतले सातवे अक्षर ‘जी’ दाबले की हेच चिन्ह उमटते. लिनक्सवर ‘प्रिंटएफ’ या आज्ञेला अवतरणात बॅकस्लॅश आणि लहान ‘ए’ दिले की टर्मिनलकडे हा एक बाइट जातो, आणि टर्मिनल वाजते.

ही आज्ञा मूळ कामाला कशी जोडायची, यात खरी मेख आहे. युनिक्स परंपरेत प्रत्येक काम संपताना एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे यश, १ ते २५५ यांपैकी कोणताही अंक म्हणजे अपयश. यशाला एकच अंक आणि अपयशाला दोनशे पंचावन्न, या वाटपात अनुभव दिसतो. मूळ आज्ञेनंतर अर्धविराम देऊन घंटा लिहिली तर काम जगो वा मरो, ती वाजणारच. मध्ये दोन अँपरसँड घातले तर ती यशानंतरच वाजेल, आणि दोन उभ्या रेघा घातल्या तर अपयशानंतरच. सुरुवातीला बहुतेक जण दोन अँपरसँड वापरतात, कारण काम झाल्याची बातमी ऐकायला गोड वाटते. मीही तेच केले, आणि माझे पुढचे मेलेले काम पुन्हा गप्पच मेले.

घंटेच्या या बाइटची जुनी ओळख मला बाबांनी करून दिली. आई गेल्यावर, २०२१ च्या पावसाळ्यात, ते बेळगावहून माझ्याकडे राहायला आले. त्यांची सारी नोकरी तारखात्यात, त्यातली बरीच वर्षे टेलिप्रिंटरसमोर गेली. मी एकदा सहज म्हणाले की संगणकाच्या अक्षरांत एक घंटाही असते, तेव्हा ते हसले.

“तुमच्या संगणकाची कसली? ती आमची घंटा. आकड्यांची कळ दाबायची आणि मग जे. पलीकडच्या गावात टेबलावर घंटा व्हायची.”

मी पडताळून पाहिले. पाच खुणांच्या आंतरराष्ट्रीय तार-लिपीत, आकड्यांच्या बाजूला, इंग्रजी ‘जे’च्या जागी खरोखरच घंटा आहे. छापणाऱ्या यंत्राशेजारी माणूस नेहमी बसलेला असेलच असे नाही, म्हणून दूरच्या माणसाला हाक मारण्याची सोय लिपीतच करून ठेवली होती. वृत्तसंस्थांच्या यंत्रांवर किती वेळा घंटा झाली यावरून बातमीचे महत्त्व कळत असे. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारघरे गेली, पण तारेतली घंटा प्रत्येक टर्मिनलमध्ये जिवंत आहे.

“आणि एक लक्षात ठेव,” बाबा पुढे म्हणाले. “घंटा झाली की उठायचंच, हा तारघराचा नियम. जेवत असलो तरी. म्हणून पलीकडचा माणूस ती उगाच वाजवत नसे.”

पहिले वाक्य मी कौतुकाने ऐकले. दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले.

मधल्या काळात या घंटेचा आवाज मात्र बदलला. १९८१ च्या आयबीएम पीसीत एक छोटा कर्णा असे आणि त्याला वाजवणारी एक कालगणक चिप. तिच्यात सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके पडत. त्यांना एका पूर्णांकाने भागायचे आणि हवी ती वारंवारता मिळवायची. ४४० हर्ट्झचा स्वर हवा तर २७१२ ने भागावे. पण कर्ण्याला मिळे ते फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’. अशा चौकोनी तरंगात मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे उपस्वरही मिसळलेले असतात, आणि म्हणून तो आवाज कानाला टोचतो. चामड्याच्या साध्या पडद्याचे उपस्वर तर मूळ स्वराशी मुळीच जुळत नाहीत. मृदंगाच्या मधोमध लावलेली शाई ते जुळवून आणते, हे रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवले होते. संगणकाच्या कर्ण्याला अशी शाई कोणी लावली नाही. नव्या लॅपटॉपांत तो कर्णाही उरलेला नाही. टर्मिनलची घंटा आता साध्या ध्वनियंत्रणेतूनच येते, आणि पुष्कळ टर्मिनलांत ती मुळातच बंद करून ठेवलेली असते. तुमची घंटा वाजत नसेल तर आधी टर्मिनलची ती मांडणी तपासा.

टोचणारा आवाज नको म्हणून मी ध्वनिफीत वाजवण्याकडे वळले. त्यातला पहिला धडा बाबा येण्याच्याही आधीचा, मी शिकत होते तेव्हाचा. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर मी घरून जोडणी करून काम चालवले होते. काम संपल्यावर ‘एप्ले’ या आज्ञेने टाळ्यांच्या कडकडाटाची फीत वाजावी अशी योजना होती. मध्यरात्र उलटली तरी माझ्याकडे काहीच वाजले नाही. सकाळी कळले की टाळ्या वाजल्या होत्या, पण प्रयोगशाळेत. कुलूपबंद अंधाऱ्या खोलीत कोणी टाळ्या पिटते आहे असे वाटून रखवालदार काका किल्ल्या घेऊन धावत आले होते. मी त्यांची माफी मागितली, त्यांनीही हसून सोडून दिले. त्या दिवशी एक फरक मात्र कायमचा समजला. ध्वनिफीत यंत्र जिथे आहे तिथे वाजते. घंटेचा बाइट मात्र बाकीच्या अक्षरांसोबत तारेतून प्रवास करतो आणि माणूस जिथे बसला आहे तिथे वाजतो. टेलिप्रिंटर घडवणाऱ्यांना माणूस दूर असतो हे ठाऊक होते. मी ते विसरले होते.

बनशंकरीत मात्र यंत्र आणि मी एकाच खोलीत होतो, तेव्हा फीत चालणार होती. आणि मला एक सुंदर फीत सापडली. आईचा पितळी खलबत्ता. ती वेलदोडे कुटत असताना कधीतरी मी सहज मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले होते. त्यातला एक ठोका मी कापून घेतला. पाव सेकंदाचा, खालच्या पट्टीतला, कडांना किंचित किणकिणणारा. अ‍ॅस्ट्रोसॅटची एक फेरी स्वच्छ झाली की एक ठोका. एका फेरीला साधारण पाच मिनिटे लागत, म्हणजे दर पाच मिनिटांनी आई पलीकडच्या खोलीत काही कुटते आहे असा भास होई. मग मी तो ठोका इतर ठिकाणीही लावला. उतरवून घेतलेली फाइल पूर्ण झाली, ठोका. कार्यक्रम संकलित झाला, ठोका. टपाल आले, ठोका. काही आठवड्यांत तो आवाज घराचा भाग झाला. खालून येणारी फुलवालीची हाक, कनकपुरा रस्त्यावरून जाणारी मेट्रो, मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळात लिंबाच्या सालीतले दिवे लावायला देवळाकडे निघालेल्या बायकांची गर्दी, या सगळ्यांत तोही मिसळून गेला. मला तो ऐकू येत होता, पण आता मी तो ऐकत नव्हते.

नंतरच्या एका रविवारी दुपारची गोष्ट. मी टेबलाशी लिहीत होते, शेजारी स्क्रिप्ट चालू होती. बाबा अंघोळीला गेले होते. न्हाणीघराचे दार बंद, खालच्या घरात मिक्सर चालू. ठोके पडत होते, आणि मला अंधुकसे जाणवले की आज ते जवळजवळ पडत आहेत. फेऱ्या लवकर उरकत असाव्यात असे वाटले. मला बरेही वाटले. आज चार वाजेपर्यंत सारे आटोपेल, असा हिशेबही मी मनातल्या मनात केला.

बऱ्याच वेळाने एक ठोका पडला तेव्हा योगायोगाने माझी नजर पडद्यावर होती. पडद्यावर नवी ओळ उमटली नाही. पुन्हा ठोका पडला, पुन्हा काही नाही. ठोका आहे आणि नोंद नाही, हे कसे, असा प्रश्न मला पडला तो प्रोग्रामरचा होता. मुलीला तो पडायला आणखी एक-दोन सेकंद लागले.

बाबा न्हाणीघरात घसरून पडले होते. डावा हात अंगाखाली आलेला, उठता येत नव्हते. हाक मारून आवाज बाहेर पोहोचेना, म्हणून उजव्या हाताने ते पितळी तांब्या फरशीवर आपटत होते. तीन ठोके, थांबायचे, पुन्हा तीन ठोके. जन्मभराची सवय. दूरच्या माणसाला हाक कशी मारायची ते त्यांना पक्के ठाऊक होते.

मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर होते, आता हात ठीक आहे. त्या रात्री, ते झोपल्यावर, मी स्क्रिप्टची नोंदवही उघडली. त्यांनी सांगितलेल्या आणि मला आठवणाऱ्या वेळांवरून हिशेब केला तर ते साधारण २१ मिनिटे तिथे होते. तेवढ्या वेळात माझ्या स्क्रिप्टने चार ठोके दिले होते. बाकीचे सगळे त्यांचे होते. ते सगळे मी ऐकले होते, आणि सगळे माझे म्हणून जमा करून टाकले होते.

आता १७ ऑगस्ट २०१७ ची ती संध्याकाळ पाहा. फर्मी उपग्रहावरच्या उपकरणाने गॅमा किरणांचा झोत ओळखला आणि १४ सेकंदांत जगभरच्या वेधशाळांना आपोआप सूचना गेली. पण फर्मीला असे झोत वर्षाला दोनशेहून अधिक दिसतात, आणि हा त्यांतला एक अशक्त झोत होता. त्या एकट्या सूचनेने कोणी खुर्चीतून उठले असते असे नाही. सुमारे सहा मिनिटांनी लायगोच्या स्वयंचलित यंत्रणेने हॅनफर्ड येथील एकाच उपकरणात संशयास्पद लहर नोंदवली. लिव्हिंगस्टनमधले जुळे उपकरण चालू होते, आणि लहर खरी असेल तर तिथेही ती दिसायलाच हवी होती. तिथून मात्र काहीच सूचना आली नव्हती.

खरे तर लिव्हिंगस्टनमध्येही ती लहर आली होती, आणि स्पष्ट आली होती. सुमारे १०० सेकंद चाललेली, खालच्या वारंवारतेतून वर चढत गेलेली. पण तारे विलीन होण्याच्या जेमतेम एक सेकंद आधी त्या उपकरणातच एक क्षणिक खडखडाट झाला, सेकंदाच्या दोनशेव्या हिश्श्याहूनही कमी वेळ टिकलेला. अशा खडखडाटांनी खोट्या घंटा वाजू नयेत म्हणून यंत्रणेला एक नियम शिकवलेला होता. गोंगाट दिसला की तिथली नोंद विश्वासार्ह धरायची नाही. यंत्रणेने नियम पाळला, आणि गोंगाटाबरोबर लहरही बाजूला टाकली. मग माणसांनी लिव्हिंगस्टनचा वारंवारता-आलेख उघडून डोळ्यांनी पाहिला. खडखडाटाची उभी रेघ होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना वर चढत जाणारी लहरीची कमान स्वच्छ दिसत होती. घटनेनंतर ४० मिनिटांनी खगोलशास्त्रज्ञांना संदेश गेला.

गोष्टीत आणखी एक शांतता आहे. इटलीतले ‘व्हर्गो’ त्या वेळी चालू होते, आणि त्याच्या नोंदीत ही लहर जवळजवळ दिसतच नव्हती. याचा अर्थ शास्त्रज्ञांनी बरोबर लावला. प्रत्येक उपकरणाला आकाशातल्या काही दिशा नीट ऐकू येत नाहीत, तेव्हा स्रोत व्हर्गोच्या अशाच एका दिशेला असला पाहिजे. त्या शांततेमुळे शोधायचे आकाश सुमारे २८ चौरस अंशांवर आले, आणि काही तासांत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत तो नवा प्रकाशबिंदू सापडला. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआय या उपकरणालाही तो गॅमा झोत दिसला नाही, आणि ‘आम्हाला दिसला नाही’ ही नोंदही त्या ऐतिहासिक निरीक्षणांत रीतसर समाविष्ट झाली. उपकरण चालू होते याची खात्री असेल, तर त्याचे गप्प राहणे ही माहिती असते. तशी खात्री नसेल तर त्या गप्प राहण्यातून काहीच कळत नाही.

लिव्हिंगस्टनच्या यंत्रणेने गोंगाटात सापडलेली खरी हाक गोंगाट म्हणून टाकून दिली. मीही तेच केले होते. फरक असा की तिथला खडखडाट आपोआप झालेला होता आणि माझा मी स्वतः, हौसेने, आईच्या आठवणीने सजवून तयार केला होता. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना हा दोष चांगला परिचित आहे. कृती करावी लागणार नाही असे इशारे दिवसभर वाजत राहिले की जिवावरचा इशाराही कान गाळून टाकतात, आणि वैद्यकात त्याला इशाऱ्यांचा थकवा असे नावच आहे. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत निदान खोटे बोलणारा मुलगा तरी होता. माझ्या घरात कोणीच खोटे बोलत नव्हते. प्रत्येक ठोका खरा होता, पण तो ऐकून मला काहीच करायचे नव्हते.

त्यानंतर मी काय बदलले ते लिहिते, कारण तुमच्यापैकी अनेक जण आज ना उद्या अशी स्क्रिप्ट लिहिणार आहात. प्रगतीचा आवाज पूर्ण बंद केला, ती आता नोंदवहीत लिहिली जाते. यशाला एकच वाक्य ठेवले. ‘ईस्पीक’ हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी वाचते, थोडे सपाट आणि परक्या उच्चारांत, पण “काम झाले” एवढे त्याला व्यवस्थित म्हणता येते. घंटा फक्त अपयशाला ठेवली, आणि मी कळ दाबेपर्यंत ती दर अर्ध्या मिनिटाने वाजते. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘ट्रॅप’ ही आज्ञा लिहून ठेवली, म्हणजे काम मध्येच कुठेही कोलमडले तरी बाहेर पडताना अंक तपासून घंटा देते.

पण वीज गेली, किंवा यंत्रणेने कामाचा एका फटक्यात गळा दाबला, तर ‘ट्रॅप’लाही श्वास मिळत नाही. मेलेला माणूस मी मेलो असे सांगू शकत नाही. म्हणून स्क्रिप्ट दर फेरीला एका रिकाम्या फाइलची वेळ ताजी करते, आणि बॅटरीवर चालणारा दुसरा एक छोटा संगणक त्या वेळेकडे लक्ष ठेवतो. १५ मिनिटे ती बदलली नाही, किंवा फाइलपर्यंत पोहोचताच आले नाही, की तो घंटा देतो. कुकर बराच वेळ वाजला नाही तर डोकावून येणाऱ्या माणसाचे काम मी त्याच्यावर सोपवले आहे.

घंटेची पट्टीही बदलली. बाबांची श्रवणतपासणी केली तेव्हा कळले की दोन हजार हर्ट्झच्या वरचे त्यांना फारच कमी ऐकू येते. वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीचे सूर गमावतो, आणि घरातल्या यंत्रांत बसवलेले स्वस्त बझर बहुधा दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपासच किंचाळतात. धुलाईयंत्र, तापमापी, काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते आणि मला वाटत होते की ते लक्ष देत नाहीत. त्यांच्यासाठी वाजणारे आता सारे पाचशे हर्ट्झच्या जवळचे आहे.

खलबत्त्याचा ठोका मी यंत्रावरून काढून टाकला. मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवले आहे, पण पितळेचा आवाज आता घरात कोणतेही यंत्र काढत नाही. न्हाणीघरात, फरशीवरून हाताला येईल इतक्या खाली दोरी सोडून, देवघरातली जुनी घंटी टांगली आहे.

आज संध्याकाळी, सहा वाजून अकरा मिनिटांच्या सुमारास, मी याच टेबलाशी बसून हे लिहीत होते. शेजारी स्क्रिप्ट दोन तास चालू होती आणि काहीही वाजले नव्हते. नोंदवहीतली शेवटची ओळ तीन मिनिटांपूर्वीची होती. तेवढ्यात न्हाणीघरातून घंटी झाली, तीन ठोके. मी खुर्ची मागे लोटून धावले. बाबा दाराशी उभे होते, धडधाकट, हातात दोरी.

“चाचणी,” ते म्हणाले. “तारघरात रोज घ्यायचो. तू तर तुझ्या त्या पेटीची घेतेस की नाही कोण जाणे.”

मी घेत नव्हते. परत येऊन छोट्या संगणकाची तार उपसून पाहिली. पंधरा मिनिटांनी घंटा झाली.